स्वतः काढलेल्या सीडी-डीव्हीडीवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’, ‘डीव्हीडी’, ‘डॉल्बी’चे लोगो छापावेत का?

प्रश्न असा आहे. साताऱ्याजवळच्या एका भजनी मंडळाने पदरमोड करून बारा अभंग ध्वनिमुद्रित केले आहेत. त्याच्या ३०० ऑडिओ सीडी आणि कार्यक्रमाच्या चित्रीकरणाच्या १०० डीव्हीडी काढायच्या आहेत, कोऱ्या डिस्क आणून त्यांवर राइट करून. इनलेचं, म्हणजे डबीत घालायच्या छापील कागदाचं, डिझाइन करणाऱ्या मुलाने सीडीच्या मागच्या बाजूला ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’चा लोगो टाकला आहे, आणि डीव्हीडीवर ‘डीव्हीडी व्हिडिओ’ व ‘डॉल्बी डिजिटल’चे. मंडळाचं म्हणणं असं की हे लोगो सगळ्याच डिस्कवर असतात, नेटवर सहज मिळतात, शिवाय आम्ही सीडी विकणार नाही, फक्त ५० रुपये देणगी घेणार. मग अडचण कसली?

आधी उत्तर देते, कारणं मागून. तिन्ही लोगो काढून टाका. त्यांच्या जागी साध्या अक्षरांत ‘ऑडिओ सीडी’ आणि ‘डीव्हीडी’ लिहा. त्यात काही बिघडत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मला लोगोपेक्षा मोठी एक चूक दिसली, तिच्याकडे पुढे येतेच.

मी व्हीसीडीच्या जमान्यापासून या धंद्यात आहे. कीर्तनं, लोकनाट्यं, शाळांची स्नेहसंमेलनं, नाट्यसंगीताच्या मैफली अशा शेकडो डिस्कचं ऑथरिंग, म्हणजे मास्टर डिस्कची मांडणी, केलं, इनले तपासले, कारखान्यात पाठवले, काही तिथून परतही आले. मी वकील नाही. पण परत आलेल्या प्रत्येक आर्टवर्कने मला कायद्याचं एकेक कलम वाचायला लावलं आहे.

लोगो म्हणजे नक्षी नव्हे, हे पहिलं समजून घ्या. प्रेशर कुकरवरचं आयएसआय चिन्ह आपण शोभेसाठी बघत नाही. कुणीतरी ती वस्तू ठरलेल्या कसोटीवर घासून घेतली आहे, असा त्याचा अर्थ असतो. सीडीच्या लोगोचंही तेच. सीडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून घडवली. तिचे नियम १९८० साली ‘रेड बुक’ नावाच्या दस्तऐवजात बांधले गेले आणि १९८२ मध्ये ती जपानमध्ये बाजारात आली. डिस्कचा व्यास १२ सेंटीमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, पृष्ठभागावरून किमान ७० टक्के प्रकाश परत फिरला पाहिजे, असं सगळं त्यात ठरलेलं आहे. वर बारीक अक्षरांत ‘कॉम्पॅक्ट’, मधे गोलसर ठसठशीत ‘डिस्क’ आणि खाली ‘डिजिटल ऑडिओ’ हे चिन्ह दोन गोष्टी सांगतं: ही डिस्क त्या नियमांत बसते, आणि ती बनवणाऱ्याकडे चिन्ह वापरायचा परवाना आहे. दोन्हींपैकी एक नसेल तर चिन्ह खोटं बोलतं.

हा नियम छोट्यांपुरता आहे असं वाटत असेल तर दोन घटना सांगते. २००२ च्या सुमारास मोठ्या संगीत कंपन्यांनी कॉपी होऊ नये म्हणून छेडछाड केलेल्या सीडी बाजारात आणल्या. फिलिप्सने स्पष्ट सांगितलं की या डिस्क रेड बुकात बसत नाहीत, त्यांवर आमचं चिन्ह नको. त्यानंतर २००४ मध्ये ड्युअलडिस्क आली, एका बाजूला सीडीसारखा थर आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. तिचा सीडीकडचा थर प्रमाण जाडीपेक्षा पातळ होता, म्हणून तिलाही सीडीचा लोगो मिळाला नाही. ज्या कंपन्या ती विकत होत्या त्यांत सोनीचा वाटा असलेली कंपनीही होती, म्हणजे जिने सीडी जन्माला घातली त्यातल्याच एकीचं घराणं! तरीही लोगो नाही. ही शिस्त पाळली गेली म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीची सीडी आजही कुठल्याही प्लेअरमध्ये निमूट वाजते. मला या शिस्तीबद्दल मनापासून आदर आहे.

आता तुमच्या ३०० सीडींकडे येऊ. आपण ‘सीडी काढली’ असं सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रेस केलेली सीडी, म्हणजे रेप्लिकेशन: काचेचा मास्टर, त्यावरून धातूचा स्टँपर, मग वितळलेल्या पॉलीकार्बोनेटवर त्याचा छाप आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा थर. हे कारखान्यात होतं आणि साधारण पाचशे-हजार प्रतींखाली कुणी हात लावत नाही. दुसरा राइट केलेली सीडी, म्हणजे डुप्लिकेशन: कोऱ्या सीडी-आरमधल्या रंगद्रव्यावर लेझरने खुणा जाळायच्या. तुमची सीडी ही दुसरी. सीडी-आरचे नियम वेगळ्या पुस्तकात आहेत, त्याला ‘ऑरेंज बुक’ म्हणतात. तिथे परत फिरणाऱ्या प्रकाशाची किमान मर्यादा रेड बुकापेक्षा कमी आहे. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही, बहुतेक प्लेअर ती नीट वाजवतील. पण ती रेड बुकातली डिस्क नाही, आणि तुमच्याकडे परवानाही नाही. लोगो ज्या दोन गोष्टी सांगतो त्या दोन्ही इथे नाहीत.

कोऱ्या डिस्कवर आधीपासून ‘कॉम्पॅक्ट डिस्क रेकॉर्डेबल’ छापलेलं असतं, मग आम्ही छापलं तर काय, असं पुष्कळ जण विचारतात. ते चिन्ह कोऱ्या डिस्कच्या उत्पादकाने त्याच्या परवान्यावर, त्याच्या मालासाठी लावलेलं आहे. ते खोडायची गरज नाही. तेच उचलून इनलेवर पुन्हा छापणं मात्र वेगळं, कारण ती छपाई तुमची. प्लॅस्टिकच्या ज्वेल बॉक्सच्या ट्रेवर कधीकधी तोच लोगो उठावाने कोरलेला असतो. तो डबी बनवणाऱ्याचा. त्यासाठी डबे बदलत बसू नका.

डीव्हीडीचं गणित थोडं जास्त किचकट आहे. अंडाकृती चकतीवर तिरकी ‘डीव्हीडी’ अक्षरं, हा लोगो डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या संघटनेच्या बाजूने डीव्हीडी फॉरमॅट/लोगो लायसन्सिंग कॉर्पोरेशन ही टोकियोतली संस्था सांभाळते. खाली ‘व्हिडिओ’ लिहिलेला वेगळा, ‘आर’ लिहिलेला वेगळा. राइट केलेल्या डिस्कवर ‘डीव्हीडी व्हिडिओ’चा लोगो टाकणं म्हणजे प्रेस केलेल्या डिस्कचा बिल्ला तिला लावणं. त्यात बाजारात ‘डीव्हीडी मायनस आर’ आणि ‘डीव्हीडी प्लस आर’ अशा दोन जाती आहेत. प्लसवाली जात फोरमबाहेरच्या कंपन्यांच्या वेगळ्या गटाने काढली, तिच्या वेष्टनावर फोरमचा लोगो नसतो. दुकानदाराने हाताला येतील तशा दोन्ही दिल्या, तर एकाच गठ्ठ्यातल्या अर्ध्या डिस्कना एक चिन्ह आणि अर्ध्यांना दुसरं! म्हणून साधी अक्षरं बरी.

पुढे कधी मंडळाने हजार प्रती प्रेस करून घ्यायचं ठरवलं, तर लोगो मिळू शकतो. तो परवाना साधारणपणे कारखान्याकडे असतो, गाणाऱ्याकडे किंवा निर्मात्याकडे नाही. म्हणून कारखान्याला पत्र लिहून विचारा: या प्रकारच्या डिस्कचा तुमचा परवाना आज चालू आहे का, आणि आमच्या इनलेवर लोगो छापायला तुमची हरकत नाही ना? उत्तर लेखी घ्या. लोगोची फाइलही त्यांच्याकडूनच मागून घ्या. नेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये प्रमाण बिघडलेलं असतं, जुन्या आवृत्त्या असतात. एकदा मी एका कारखान्याच्या तोंडी शब्दावर विसंबून १,००० इनले आधीच छापून घेतले. डिस्क बनायच्या वेळी कळलं की त्यांच्या डीव्हीडीच्या परवान्याची मुदत संपली होती. ते सगळे इनले रद्दीत गेले आणि एका वयस्कर गायिकेच्या मैफलीच्या डीव्हीडी प्रकाशनाला पोहोचल्या नाहीत. त्या दिवसापासून मी लेखी उत्तराशिवाय छपाईला हात लावलेला नाही.

चांगला कारखाना उलट तुमच्याकडूनही कागद मागेल: गाणी तुमची आहेत, हक्क तुमच्याकडे आहेत, असं सही करून द्या म्हणेल. तो खोडा घालतोय असं समजू नका. प्रेस केलेल्या डिस्कच्या आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत जो आयएफपीआयचा, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, कोड असतो, त्यावरून ती कुठल्या कारखान्यात बनली हे शोधता येतं. म्हणून तो स्वतःला जपत असतो.

आता कायदा. आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदलेलं चिन्ह परवानगीशिवाय व्यापाराच्या ओघात वापरलं तर कलम २९ प्रमाणे तो हक्काचा भंग. ‘वापर’ कशाला म्हणायचं हेही तिथेच सांगितलं आहे, आणि मालावर किंवा वेष्टनावर चिन्ह लावणं त्यात स्पष्ट येतं. त्याच कलमाचं सातवं पोटकलम मी प्रत्येक छापखानावाल्याला दाखवते. परवानगी नाही हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवं असताना, जो लेबलवर किंवा वेष्टनाच्या सामानावर ते चिन्ह लावतो, तोही जबाबदार ठरतो. म्हणजे तुमच्या डिझायनर मुलाला आणि गावातल्या छापखान्याला तुम्ही नकळत यात ओढता. तो मुलगा मंडळावरच्या प्रेमापोटी फुकट काम करतोय, तेव्हा निदान त्याच्यासाठी तरी हे टाळा.

भंग झाला तर चिन्हाचा मालक मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब, आणि तसली लेबलं नष्ट करण्यासाठी ताब्यात मागू शकतो, कलम १३५. चिन्ह खोटेपणाने लावण्याबद्दल कलम १०३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. फसवण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करता आलं तर बचाव आहे. घाबरवायला सांगत नाही. भजनाच्या सीडीवर लोगो छापला म्हणून कोणी तुरुंगात गेलेलं मी पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात घडतं ते असं: दुकान माल ठेवून घेत नाही, किंवा परदेशी पाठवलेलं पार्सल अडकतं. ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक वेगळा असतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना डिस्क पाठवायचा विचार असेल तर तिथली नोंदणी आणि तिथलं सीमाशुल्क खातं यांचा संबंध येतो, भारतातल्या सवयीचा उपयोग नाही.

‘विकत नाही, देणगी घेतो’ या मुद्द्यावर मी विसंबणार नाही. निव्वळ मोफत वाटप व्यापाराच्या ओघात येतं का, यावर वकील वाद घालू शकेल. पण तुमच्या इनलेवर ‘देणगी मूल्य ५० रुपये’ आहे आणि खाली ‘कार्यक्रमांसाठी संपर्क’ म्हणून फोन नंबर आहे. देणगीमागे ठरलेला आकडा आला आणि सीडीमधून सुपारी मिळणार असेल, की तो वाद लंगडा पडतो.

मग काय लिहिता येतं? वस्तू काय आहे हे प्रामाणिकपणे सांगायला कायदा अडवत नाही. कलम ३० मध्ये मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग सांगण्यासाठी केलेला वापर आणि धंद्यातल्या प्रामाणिक प्रथेला धरून केलेला वापर वगळला आहे. ‘ही ऑडिओ सीडी आहे’, ‘डीव्हीडी प्लेअरवर चालते’ ही वाक्यं इतर मजकुराच्याच टाइपात, त्याच आकारात लिहा. ‘सर्व प्लेअरवर चालते’ असं मात्र लिहू नका, राइट केलेल्या डिस्कबद्दल ती हमी कोणीच देऊ शकत नाही. आणि डिझायनरला बजावून सांगा की लोगोसारखीच गोलसर अक्षरं स्वतः काढून बसवू नकोस. कायदा हुबेहूब चिन्हाइतकाच फसवं साम्य असलेल्या चिन्हालाही धरतो. मी असे हाताने वळवलेले कितीतरी लोगो पाहिले आहेत, आणि ते मूळ लोगोपेक्षा जास्त संशयास्पद दिसतात.

ब्लू-रेबाबत थोडं जास्त जपावं लागतं, कारण तिथे शब्दच ट्रेडमार्क आहे. ‘ब्लू’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ मुद्दाम गाळलं आहे. निळा किरण हा साधा शब्द चिन्ह म्हणून नोंदवणं अवघड, बदललेलं स्पेलिंग नोंदवता येतं. ‘ब्लू-रे डिस्क’ असं वर्णनापुरतं लिहा, सजवू नका. प्रेस केलेल्या ब्लू-रे चित्रफितीला कॉपी रोखणारं एएसीएस नावाचं संरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचं शुल्क वेगळं पडतं, त्यामुळे छोट्या मंडळाने त्या वाटेला न गेलेलंच बरं.

डॉल्बी. आपल्या भागात डॉल्बी म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत छाती हादरवणारी भिंत. बोलण्यात शब्द रुळला म्हणून चिन्ह सार्वजनिक होत नाही. दुहेरी ‘डी’चा तो लोगो आणि नाव कंपनीचंच आहे, आणि लोगो छापायचा तर तिच्याशी लेखी करार लागतो. इथे पेटंट आणि ट्रेडमार्क यांची गल्लत फार होते. डॉल्बी डिजिटलच्या मूळ तंत्राची पेटंटं २०१७ मध्ये संपली, म्हणून आता लोगोही मोकळा झाला, असं मला एका जाणत्या ध्वनिमुद्रकाने ठासून सांगितलं होतं. तसं नाही. पेटंट वीस वर्षांत मरतं. ट्रेडमार्कची नोंदणी आपल्याकडे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ जिवंत ठेवता येते. सीडीचंही तेच: तिची मूळ पेटंटं केव्हाच सरली, चिन्हावरचा हक्क त्यामुळे सरत नाही. तुमच्या डीव्हीडीत तर दोन माइकवर घेतलेला स्टिरिओ आवाज आहे. ‘ध्वनी: स्टिरिओ’ लिहा, ते खरंही आहे. डीटीएस या दुसऱ्या ध्वनितंत्राच्या लोगोला हाच न्याय.

एमपीथ्री सीडी काढणार असाल तर तिच्यावर ‘डिजिटल ऑडिओ’चा लोगो कुठल्याच परिस्थितीत बसत नाही, कारण ती रेड बुकातली सीडीच नाही, फाइली भरलेली डिस्क आहे.

आता ती मोठी चूक. तुमच्या इनलेवर तीन लोगो आहेत, विठ्ठलाचं सुंदर चित्र आहे, गायकांची नावं आहेत, पण निर्मात्याचा पत्ता नाही, कॉपीराइट कोणाचा ते नाही आणि सालही नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२-अ सांगतं की प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर, म्हणजे डिस्कवर आणि डबीवर दोन्हीकडे, तीन गोष्टी हव्यात: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याचा त्याचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. चित्रफितीसाठी याखेरीज, जिथे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं तिथे त्याची प्रत, आणि हक्कदाराची परवानगी घेतल्याचं निवेदन लागतं. हे नसेल तर कलम ६८-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. महाराष्ट्रात २००९ पासून चित्रफितींची चाचेगिरी करणाऱ्यांना स्थानबद्धतेचा कायदाही लागू आहे. नावगावाविना शंभर डीव्हीडी जत्रेत टेबलावर मांडल्या, आणि त्यावर मोठ्या कंपन्यांचे लोगो असले, तर तपासायला आलेल्या हवालदाराने त्या तुमच्याच आहेत हे ओळखायचं कशावरून?

चालींचाही विचार करा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, त्यांना कुणाची परवानगी नको. पण बारातल्या तीन अभंगांपुढे तुम्ही ‘पारंपरिक चाल’ लिहिलं आहे आणि त्यातली एक मला तरी रेडिओवर ऐकलेली, अलीकडच्या संगीतकाराची वाटते. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं असतो. नव्याने गाऊन काढायची एक वाट कायद्यात आहे, कलम ३१-क, पण त्यात रॉयल्टी किमान ५० हजार प्रतींची धरली आहे. ३०० प्रतींच्या मंडळाला ते झेपणारं नाही. हक्कदाराला सरळ पत्र लिहून परवानगी मागा, नाहीतर ती चाल बदला. आणि तबलजी, टाळकरी, कोरसमधल्या बायका यांची ध्वनिमुद्रणाला संमती असल्याचा एका पानाचा कागद सह्यांनिशी करून ठेवा.

शंका असेल तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुठलंही चिन्ह फुकट शोधता येतं. तिथल्या मालाच्या वर्गवारीत डिस्क आणि ध्वनिफिती वर्ग ९ मध्ये येतात. मंडळाचं स्वतःचं टाळ-वीणेचं चिन्ह चांगलं आहे, ते तिथे शोधून बघा आणि जमलं तर नोंदवा. नोंदणी होईपर्यंत त्यापुढे वर्तुळातला ‘आर’ मात्र लावू नका, तो नोंदलेल्या चिन्हापुढेच चालतो.

डिझायनरला एवढं पाठवा: मागच्या बाजूचे लोगो काढ. त्या जागी ‘ऑडिओ सीडी, स्टिरिओ’. खाली ‘ध्वनिमुद्रण निर्मिती आणि कॉपीराइट’, त्यापुढे मंडळाचं नोंदणीकृत नाव, पूर्ण पत्ता पिनकोडसह, आणि प्रकाशनाचं वर्ष. हाच मजकूर डिस्कच्या गोल लेबलवरही घे, चष्म्याशिवाय वाचता येईल इतका मोठा. जागा कमी पडत असेल तर विठ्ठलाच्या चित्राला नको, फोन नंबराच्या पट्टीला कात्री लाव. नवा नमुना तयार झाला की छपाईला देण्याआधी मला पाठवा, मी बघून देईन.